लहान मुलें व मोठे आंकडे

आमच्या शाळेच्या वार्षिकांत विद्यार्थी कविता लिहितात, सहलींचीं वर्णनें लिहितात, थोरांचीं चरित्रें लिहितात. गणितावर लिहिण्याची पाळी मात्र बहुधा कोणी घेत नाहीं. गणिताचा शिक्षक या नात्यानें ती पाळी यंदा मीं आपण होऊन घेतली आहे. विषय बीजगणिताचा नाहीं, भूमितीचाहि नाहीं. तो अगदीं प्राथमिक वर्गांतला आहे : दोन, तीन व चार अंकी संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार. हायस्कुलाच्या अंकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आठवीच्या वर्गांत बीजगणिताच्या नांवाखालीं ज्या चुका माझ्या लाल पेन्सिलीपुढें येतात, त्यांतल्या पुष्कळशा बीजगणिताच्या नसतातच. त्या तिसरी-चौथींत रुजलेल्या असतात, आणि मधल्या चार-पांच वर्षांत कोणीहि त्यांची विचारपूस केलेली नसते.

माझें मत प्रारंभींच सांगून टाकतों. मोठ्या संख्यांचा सराव लहान मुलांकडून अवश्य करून घ्यावा, रोज करून घ्यावा. पण तो थोडा असावा, बोलका असावा, आणि त्यांतली प्रत्येक चूक अपराध न मानतां मुलाच्या मनांत काय चाललें आहे याची साक्ष मानावी. हें मत मला प्रथम पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें एका अन्यायाच्या पश्चात्तापांतून मिळालें, आणि तो अन्याय माझ्याच हातून घडलेला आहे.

सुमारे अठरा वर्षांपूर्वींची गोष्ट. पांचवीच्या एका मुलानें वजाबाकीच्या वीस उदाहरणांपैकीं तेरा चुकविलीं. वर्षभर हेंच चाललें होतें. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'निष्काळजी' असा शेरा मारला आणि माझें कर्तव्य संपलें असें मानलें. दोन दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. ते गवंडीकाम करीत. कामावरूनच आले होते. हातांना सिमेंट तसेंच होतें. ते म्हणाले, "सर, पोरगा रोज दिवेलागणीला वही घेऊन बसतो. खेळायला जात नाहीं. निष्काळजी नाहीं हो तो. त्याचं काय चुकतं तेवढं सांगा, मी करून घेतों त्याच्याकडून." मला उत्तर देतां आलें नाहीं. त्याचें काय चुकतें हें मीं पाहिलेंच नव्हतें. किती चुकतें तेवढेंच मोजलें होतें.

त्या संध्याकाळीं मी ती वही घेऊन बसलों. पहिलेंच उदाहरण होतें ५०३ वजा २६७. मुलाचें उत्तर होतें ३६४. हें उत्तर आलें कसें? तीन व सात यांतील फरक चार. शून्य व सहा यांतील फरक सहा. पांच व दोन यांतील फरक तीन. पुढचें उदाहरण पाहिलें, त्याच्या पुढचें पाहिलें. ज्या सात उदाहरणांत हातच्याचें काम नव्हतें, तीं सातहि बरोबर होतीं. ज्या तेरांत हातचा लागत होता, तीं तेराहि चुकलीं होतीं, आणि तींहि एकाच रीतीनें. म्हणजे तो मुलगा निष्काळजी नव्हता. उलट, एका चुकीच्या नियमाशीं तो कमालीचा एकनिष्ठ होता : प्रत्येक घरांत मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करावा, मग तो वर असो कीं खालीं असो. आणि हा नियम त्याला कोणीं दिला? 'लहानांतून मोठें जात नाहीं, नेहमीं मोठ्यांतून लहान वजा करायचें,' हें वाक्य आम्ही शिक्षकमंडळी सहज बोलून जातों. त्या वर्गांत मीहि तें बोललों होतों.

पुढें वाचनांत आलें कीं, १९७८ सालीं अमेरिकेंत जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या दोघां संशोधकांनीं मुलांच्या अशाच चुकांचा बारकाईनें अभ्यास करून एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचा निष्कर्ष असा कीं, वजाबाकींत मुलांकडून होणाऱ्या अनेक चुका वाटेल तशा झालेल्या नसतात. त्यांच्या मागें कांहींतरी ठराविक, पण सदोष, रीति असते, आणि मूल ती रीति इमानेंइतबारें पाळीत असतें. लहान अंक मोठ्यांतून वजा करणें ही त्यांतलीच एक, आणि शून्य आलें कीं गोंधळणें ही दुसरी. माझा विद्यार्थी या दोन्ही खड्ड्यांत एकाच वेळीं उभा होता.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला फळ्यापुढें उभें केलें नाहीं. टेबलावर शंभराच्या पांच नोटा व रुपयाचीं तीन नाणीं ठेवलीं आणि म्हटलें, "यांतून मला दोनशें सदुसष्ट रुपये दे." त्यानें हात पुढें केला आणि तो थबकला. सात रुपये द्यावयाचे, तर नाणीं तीनच; आणि मोडावयास दहाची नोटहि जवळ नाहीं. क्षणभर विचार करून त्यानें शंभराची एक नोट माझ्यापुढें सरकविली आणि तो म्हणाला, "सर, सुटे द्या." मीं दहाच्या दहा नोटा दिल्या. त्यांतली एक त्यानें पुन्हां पुढें केली. मीं रुपयाचीं दहा नाणीं दिलीं. आतां त्याच्यापाशीं शंभराच्या चार, दहाच्या नऊ, आणि नाणीं तेरा झालीं. रक्कम तीच, ५०३. केवळ तिचें रूप पालटलें. त्यांतून २६७ देणें त्याला मुळींच जड गेलें नाहीं. उरले २३६. मग प्रत्येक पायरी त्यानेंच वहींत मांडली, आणि शेवटीं २३६ व २६७ यांची बेरीज करून ५०३ आल्याचा ताळा पाहिला.

येथें एक गोष्ट आम्हां शिक्षकांच्या व पालकांच्या ध्यानांत यावी. 'शेजाऱ्याकडून एक उसना घे,' असें आपण मुलांना शिकवितों. परंतु उसनें घेतलेलें परत करावें लागतें, हें मूल घरीं शिकलेलें असतें. आणि येथें तर कोणी कांहींच परत करीत नाहीं! शिवाय घेतला एक, आणि झाले दहा, हें कसें? खरें पाहतां येथें उसनवारी नाहींच. येथें मोड आहे. शंभराच्या नोटेचे सुटे घेणें म्हणजेच हातचा घेणें. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै असल्यामुळें पैशांच्या हिशेबांतला हातचा एक आणि नुसत्या संख्यांतला हातचा दुसरा, असें दुहेरी ओझें मुलांवर असे. तें ओझें उतरल्यावर एक, दहा व शंभर रुपये हें एकक, दशक व शतक यांचें उत्तम साधन प्रत्येक घरांत येऊन बसलें आहे. त्याचा उपयोग करणारीं घरें मात्र थोडीं.

असो. तीन आठवड्यांत त्या मुलाच्या वजाबाक्या बरोबर येऊं लागल्या. परंतु 'निष्काळजी' हा शब्द मला परत घेतां आला नाहीं. गणिताच्या तासाला हात वर करण्यास तो मुलगा दहावीपर्यंत बिचकत असे. लाल पेन्सिलीची खूण खोडतां येते; मनावरची खोडतां येत नाहीं.

मराठी मुलाच्या वाटेंत आणखीहि एक अडचण आहे, आणि ती आपणां मोठ्यांना दिसत नाहीं, कारण आपण ती केव्हांच ओलांडलेली असते. आपण बोलतों 'त्रेसष्ट', म्हणजे आधीं तीन व मग साठ. पण लिहितांना आधीं सहा लिहितों व मग तीन. 'एकोणऐंशी' ऐकतांच मुलाच्या कानांत ऐंशी घुमतात आणि हात आठ लिहूं लागतो. लिहावयाचे असतात सात आणि नऊ. जर्मन भाषेंतहि एकक आधीं बोलतात, आणि तेथील मुलेंहि अंकांची अशी उलटापालट करतात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीति आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा गदारोळ उठला. थट्टा पुष्कळ झाली. विचार थोडा झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्या बदलाची बाजू शांतपणें मांडली होती. आज त्या हयात नाहींत. २०२३ सालीं त्यांचें निधन झालें. मला त्यांची कळकळ पटते. तरी पण माझें मत असें कीं, जुनीं नांवें सोडूं नयेत, कारण बाजारांत, घरांत व आजीच्या तोंडीं तींच आहेत. मात्र गणिताच्या तासाला दोन्ही बोलावींत. 'त्रेसष्ट, म्हणजे सहा दशक तीन' असें मूल कांहीं महिने मोठ्यानें म्हणूं लागलें, म्हणजे ३६ व ६३ यांची अदलाबदल आपोआप कमी होते. यांत भाषेचा अपमान नाहीं, आणि गणिताचा लाभ आहे.

आतां गुणाकाराकडे वळूं. ४६ गुणिले २३ हें उदाहरण घ्या. पुष्कळ मुलें ४६ त्रिक १३८ लिहितात, त्याखालीं ४६ दुणे ९२ लिहितात, एक घर सरकविण्यास विसरतात, आणि बेरीज करून २३० हें उत्तर समाधानानें अधोरेखित करतात. या मुलाला 'घर सरकव' असें शंभर वेळां सांगून भागत नाहीं. त्याला विचारावें, "बाळ, पन्नासांची वीस पट किती?" तो म्हणेल, हजार. "मग शेहेचाळिसांची तेवीस पट दोनशें तीस होईल का?" मूल स्वतःच हसतें व वही ओढून घेतें. मग त्यास कळतें कीं, तो दोन नुसता दोन नाहीं, वीस आहे. म्हणून ९२ नव्हे, ९२०. आणि ९२० व १३८ मिळून १०५८. भागाकाराचेंहि तसेंच. ६१८ भागिले ६ याचें उत्तर १३ असें लिहिणारीं मुलें मीं प्रतिवर्षीं पाहतों. सहाशेंचे सहा वांटे केले तर प्रत्येकीं शंभर येतात, एवढा अजमास आधीं केला असता, तर मधलें शून्य गळालें नसतें व उत्तर १०३ आलें असतें.

ही दृष्टि नवी नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं पूर्ण केलेल्या ग्रंथांतील 'लीलावती' या भागांत १३५ ला १२ नें गुणण्याचें उदाहरण आहे, आणि गुणण्याची एकच रीति न देतां अनेक दिल्या आहेत. बारांचे आठ व चार असे तुकडे करा : १०८० व ५४० मिळून १६२०. अथवा तिनानें गुणून पुन्हां चारानें गुणा : ४०५ आणि मग १६२०. अथवा विसांनीं गुणून आठपट वजा करा : २७०० वजा १०८०, पुन्हां १६२०. तीन वाटांनीं गेलें तरी एकाच गांवीं पोंचतां येतें, हा अनुभव लहान मुलाला फार आनंद देतो, आणि दुसऱ्या वाटेनें जाऊन पाहणें हाच सर्वांत चांगला ताळा होय.

येथें कोणी म्हणेल कीं, मग पाठांतर व सराव नकोच काय? असें मी म्हणत नाहीं. पाढे पाठ असलेच पाहिजेत. पंतोजींच्या शाळांतून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकीहि घोकून घेत. त्यांतली छडी मला नको आहे, पण ती तयारी मला हवी आहे. ज्याला 'सहा त्रिक अठरा' आठवण्यासाठीं बोटें मोजावीं लागतात, त्याचें लक्ष त्या बोटांतच अडकतें. घर सरकविण्याचा विचार करण्यास त्याच्यापाशीं अवधान उरत नाहीं. माझा विरोध सरावाला नाहीं, आंधळ्या सरावाला आहे. ज्याचा नियमच चुकला आहे, त्याला रात्रीं पन्नास उदाहरणें करावयास लावणें म्हणजे ती चूक पन्नास वेळां ठोकून पक्की करणें होय. त्या गवंड्याच्या मुलाचें तेंच झालें होतें. तो जितका कष्ट करी, तितका अधिक चुके.

म्हणून माझी सूचना अशी. रोज पंधरा मिनिटें व पांच उदाहरणें, अधिक नकोत. तीं पांचहि एकाच जातीचीं नसावींत. पानभर वजाबाक्याच असल्या कीं मूल चिन्ह न वाचतांच वजा करीत सुटतें. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांची मिसळ असावी आणि गेल्या महिन्यांतलेंहि एखादें असावें. प्रत्येक उदाहरणाच्या तीन पायऱ्या असाव्या : आधीं अजमास, मग बोलत बोलत मांडणी, शेवटीं ताळा. उत्तर चुकलें, तर 'चुकलें' म्हणण्यापूर्वीं 'तूं हें कसें केलेंस तें मला सांग' असें म्हणावें. आणि उत्तर बरोबर आलें, तरीहि कधीं कधीं हाच प्रश्न विचारावा. नाहीं तर हा प्रश्न कानीं पडतांच आपली चूक झाली असें मूल समजूं लागतें.

दुसरा आक्षेप आजकाल पुष्कळ ऐकूं येतो. प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, तो क्षणांत गुणाकार करतो. मग मुलांना हा ताप कशाला? यंत्र चुकत नाहीं हें खरें. पण बोट चुकतें. एक शून्य कमी दाबलें गेलें, तर यंत्र त्या चुकीच्या प्रश्नाचें अचूक उत्तर देतें, आणि ज्याला अजमास नाहीं तो तें निमूटपणें मान्य करतो. वाण्याचें बिल, विजेचें बिल, कर्जाचा हप्ता, यांपुढें ज्याला 'हें इतकें कसें होईल?' असा प्रश्न पडत नाहीं, त्याच्या खिशांतलें यंत्र त्याच्या कामाचें नाहीं. १८७५ सालीं पुणें व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यामागें दुष्काळ, सारा व कापसाची मंदी अशीं अनेक कारणें होतीं. पण ज्या कागदांतला आंकडा आपल्याला वाचतां येत नाहीं, त्यावर अंगठा उठविण्याची लाचारी हेंहि दुःख त्यांत होतें. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या पणज्या-पणजोबांनीं असे अंगठे उठविले आहेत. त्यांच्या पतवंडांनीं आंकड्यापुढें पुन्हां मान तुकवूं नये, एवढ्यासाठीं तरी हा पंधरा मिनिटांचा अभ्यास हवा.

परिस्थिति समाधानाची नाहीं. देशांतील ग्रामीण भागांत होणाऱ्या 'असर' या पाहणींत २०२४ सालीं असें आढळलें कीं, तिसरीच्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलांनाच दोन अंकी, हातच्याची वजाबाकी येत होती. आणि पांचवींतल्या दहा मुलांपैकीं तिघांहून थोड्या अधिकांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागतां येत होतें. आणि २०२५ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं आणखी एक विलक्षण गोष्ट मांडली. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारीं मुलें गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडीं चुटकीसरशीं करीत, परंतु वहींतल्या साध्या भागाकारापुढें अडत. आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांना वहींतलें येई, पण बाजारांतलें जमत नसे. म्हणजे एकाच ज्ञानाचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांस ओळखीनासे झाले आहेत. टेबलावरच्या नोटा व वहींतली मांडणी यांची मीं जी सांगड सुचविली, ती याच कारणासाठीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत. तीं तुम्हांला 'दादा' किंवा 'ताई' म्हणून हांक मारतात, आणि आमच्यापुढें जें बोलण्यास भितात तें तुमच्यापुढें बोलतात. रोज पंधरा मिनिटें त्यांच्यापाशीं बसा. उत्तर सांगूं नका, 'कसें केलेंस?' एवढेंच विचारा व धीरानें ऐका. त्यांत तुमचाहि स्वार्थ आहे : आपला स्वतःचा हातचा कोठें हरवला होता, हें पुष्कळांना त्याच वेळीं सांपडतें. पालकांना माझी विनंति अशी कीं, प्रगतिपुस्तकांतला आंकडा पाहून मुलाला रागें भरण्यापूर्वीं वही उघडून पाहावी. आपणांस लिहितां-वाचतां येत नसलें, तरी बाजारांतून येतांना उरलेले पैसे मुलाच्या हातीं द्यावे आणि हिशेब मागावा. आणि आम्हां शिक्षकांपैकीं कोणीं नुसता शेरा मारला असेल, तर त्या गवंड्याप्रमाणें निःसंकोचपणें शाळेंत यावें व विचारावें, "त्याचं काय चुकतं तेवढं सांगा." त्या प्रश्नाचें उत्तर देणें हा आमचा धर्म आहे.

शुभवर्तमानांतल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपणां सर्वांना ठाऊक आहे. शंभरांतून एक मेंढरूं कमी झालें, हें त्याला कळलें, कारण तो मोजणारा होता. परंतु नव्याण्णव असा आंकडा लिहून तो स्वस्थ बसला नाहीं. जें हरवलें होतें, त्याच्या मागें तो गेला. मीं अठरा वर्षांपूर्वीं मोजलें होतें. शोधावयास मात्र गेलों नव्हतों. मोजणें व शोधणें हीं दोन्ही कामें आपण सर्वांनीं मिळून करूं या, म्हणजे आपल्या मुलांचा हातचा हरवणार नाहीं, आणि मुलेंहि हरवणार नाहींत.